जुनी कार्टूने डिस्कवर पाहताना

टॉम अँड जेरीचे जुने लघुपट जमवणार असाल, तर आधी प्लेयरचे पाहा. अमेरिकी डीव्हीडीचा रीजन (डिस्क कोणत्या प्रदेशातल्या प्लेयरवर चालेल हे ठरवणारा क्रमांक) १ आणि आपला ५, त्यामुळे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सर्व रीजनच्या डिस्क चालवणारा प्लेयर मागावा आणि दुकानातच डिस्क लावून खात्री करावी. हॅना-बार्बेरा या दिग्दर्शक जोडीने एमजीएम या स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ या काळात केलेले बहुतेक लघुपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत (अखेरचे काही मात्र रुंद सिनेमास्कोपचे), तेव्हा टीव्हीवर ते ताणू नयेत. खरी पारख चित्राच्या सफाईची आहे: संगणकाने डाग काढताना शाईच्या बारीक रेषाही पुसल्या जातात, आणि वेगवान पाठलागात चित्र थांबवले की तुटलेल्या मिशा लगेच नजरेत भरतात. असल्या गुळगुळीत प्रतीपेक्षा मला थोडी डागाळलेली प्रतच बरी वाटते.