जुनं खोगीर घोड्याच्या पाठीला लागतंय, दुरुस्त होईल का?
निपाणीत घेतलेल्या जुन्या खोगिराने घोड्याची पाठ सोलवटली असेल, तर जखम पूर्ण भरेपर्यंत पाठीवर काहीही ठेवू नका. तोवर खोगिराचा आतला सांगाडा तपासा. पुढची-मागची बाजू धरून दाबल्यावर तो करकरला किंवा मधेच वाकला, तर त्यावर पैसे घालू नका. धड असेल तर गादीतली गोळा झालेली लोकर काढून नवी भरा. स्वार बसल्यावरही मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहायलाच हवीत. अरुंद खोगिराखाली जाड घोंगडी नको, उलट जास्त आवळतं. तंगाच्या (घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) वाद्या अथणीच्या चप्पल कारागिरांकडून मेणाच्या दोऱ्याने शिवून घ्या, चामड्यात त्यांचा हात पक्का. फेरीनंतर घामेजल्या पाठीवर कोरडा ठिपका दिसला, तर बहुधा दाब तिथेच पडतोय.