बर्फ हटल्यावर कोण वाढते?

ध्रुवाजवळच्या किनारी पाण्यातल्या प्लवकांवर मागच्या वेळी लिहिले आणि अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: पाण्याच्या ओघाबरोबर वाहत जाणारे जीव म्हणजे प्लवक. त्यातले वनस्पतीप्लवक उन्हावर आपले अन्न करतात, प्राणीप्लवक त्यांना खातात, आणि मासे, पक्षी, देवमासे या दोघांवर पोसले जातात. माझी बरीच वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली हे जीव मोजण्यात गेली, त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत.

बर्फ वितळला की ऊन थेट पाण्यात उतरेल. वनस्पतीप्लवक वाढतील, कार्बन डायऑक्साइड जास्त शोषला जाईल. मग हा बदल फायद्याचाच नाही का? (निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा)

तुमच्या तर्काचा पहिला भाग खरा ठरला आहे. उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा, की १९९८ ते २०१८ या काळात आर्क्टिक महासागरातल्या वनस्पतीप्लवकांचे वार्षिक उत्पादन सुमारे ५७ टक्क्यांनी वाढले. पहिल्या दशकात ही वाढ मुख्यतः बर्फ कमी झाल्यामुळे होती. पुढच्या दशकात पाण्यातले प्लवकच दाट होत गेले, म्हणजे त्यांना कुठून तरी नवे खत मिळू लागले.

अडचण पुढे आहे. ऊन मिळाले तरी नत्र, फॉस्फरस, सिलिका हे सगळे खालच्या पाण्यातून वर यावे लागते. वितळलेल्या बर्फाचे पाणी गोडे, म्हणून हलके. ते खाऱ्या पाण्यावर पसरते आणि झाकण घातल्यासारखे बसून राहते. हे समजायला आपल्याला लांब जायला नको. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खोलातले खतयुक्त पाणी वर चढत असते, पण पावसाचा आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर त्याला अगदी पृष्ठभागापर्यंत येऊ देत नाही. आर्क्टिकच्या कॅनडाकडच्या खोल भागात गोड्या पाण्याचा असाच थर वाढला, तेव्हा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की मोठ्या पेशींचे प्लवक घटले आणि अतिसूक्ष्म पेशींचे वाढले.

आकाराला एवढे महत्त्व का? डायाटम हे मोठे प्लवक. त्यांना सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे, कवच असते. ते जड असतात, मेल्यावर तळाकडे जातात आणि कार्बन सोबत नेतात. प्राणीप्लवक त्यांना थेट खाऊ शकतात. अतिसूक्ष्म पेशी मात्र आधी एखाद्या एकपेशीय भक्षकाच्या तोंडी पडतात, तो आणखी मोठ्याच्या, आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा गळून जाते. कार्बनही वरच्या पाण्यातच फिरत राहतो. पाणी हिरवे दिसले म्हणून पोट भरले असे होत नाही.

आणि वेळेचा प्रश्न तर माझ्या मते सगळ्यात नाजूक आहे. कॅलॅनस ग्लेसियालिस हा तांदळाच्या दाण्याहूनही लहान कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, कवच असलेला प्राणीप्लवक. वसंतात बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून वाढणारे शैवाल खाऊन त्याची मादी अंडी घालते. पिल्ले खाण्याच्या वयात येतात तोवर बर्फ फुटतो आणि पाण्यात दुसरा बहर येतो. या दोन बहरांमध्ये दोनेक महिन्यांचे अंतर असेल तर सगळे जुळते. बर्फ लवकर गेला तर दुसरा बहर पिल्ले तयार होण्याआधीच उरकतो. मृगाचा पाऊस धरून पेरणी करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

काँग्सफ्योर्डमध्ये भारताचे यंत्र आहे असे वाचले. हिमनदीचे पाणी फ्योर्डात आले की प्लवक वाढतात की घटतात? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, फोंडा)

दोन्ही घडते, आणि ते हिमनदी कुठे संपते यावर ठरते. फ्योर्ड म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा. काँग्सफ्योर्ड नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. तिथे न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून आपले 'हिमाद्री' केंद्र आहे. तू वाचलेस ते यंत्र म्हणजे 'इंडआर्क', जुलै २०१४ मध्ये सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात सोडलेली दोरबंद उपकरणे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने मिळून ती बसवली. ध्रुवीय रात्रीत, जेव्हा बोटीवरून नमुने घेणे फार अवघड असते, तेव्हाही ती तापमान आणि क्षारता टिपत राहतात.

आता हिमनदी. तिचे तोंड समुद्रात बुडलेले असेल तर वितळलेले पाणी तिच्या पोटाखालून, खोलात बाहेर पडते. ते हलके असल्याने उसळी मारून वर येते आणि येताना खोलातले खतयुक्त खारे पाणी आपल्याबरोबर ओढून आणते. त्या उसळीत सापडलेले प्राणीप्लवक गोड्या पाण्याने अर्धमेले होतात, म्हणून हिमनदीच्या तोंडाशी कुरवांसारख्या पक्ष्यांचे थवे तुटून पडतात. पुढे थोड्या अंतरावर गाळ खाली बसला की तिथे प्लवकांचा बहर येतो.

पण हिमनदी आक्रसत मागे सरकली आणि तिचे तोंड जमिनीवर गेले, की हा पंप बंद पडतो. मग तेच पाणी ओढ्यासारखे वरून येते, खोलातले काही वर आणत नाही, उलट गाळ पसरवते. भर पावसात मांडवीचे पाणी किती लाल होते ते तू पाहिले असशील. तसल्या पाण्यात ऊन हातभरही नीट उतरत नाही. ग्रीनलंडच्या फ्योर्डांची तुलना केली तेव्हा हाच फरक दिसला: समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांचे फ्योर्ड जास्त सुपीक, जमिनीवर संपणाऱ्यांचे बरेच कमी. काँग्सफ्योर्डमध्ये याच्या जोडीला अटलांटिकचे कोमट पाणी शिरू लागले आहे. २००६ च्या हिवाळ्यापासून तिथला समुद्रबर्फ आधीसारखा धरत नाही.

आमचा ट्रॉलर मालीम जेटीवर असतो. तिकडच्या प्लवकांचा आमच्या बांगड्याशी काही संबंध आहे का? (मच्छीमार, बेती)

थेट नाही. आर्क्टिकचे प्लवक बदलले म्हणून मालीमला बांगडा कमी आला, असे कोणी सांगितले तर मानू नका. आपल्या बांगड्याचे आणि तारल्याचे खाणे इथल्याच पावसाळी पाण्यात तयार होते.

नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे: जसे प्लवक, तशी ते खाणाऱ्याची चरबी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, आणि पावसाळा सरता सरता आलेल्या तारल्याला जे तेल सुटते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. ते तेल प्लवकांचे असते. स्वालबार्डला लिटल ऑक नावाचा मुठीएवढा काळा-पांढरा पक्षी चरबीने भरलेले थंड पाण्यातले कोपेपॉड खाऊन पिल्ले वाढवतो. कोमट पाण्याबरोबर त्यांचा दक्षिणेकडचा भाऊबंद येतो, तो लहान आणि रोडका. तेवढीच चरबी मिळवायला पक्ष्याला कितीतरी जास्त दाणे टिपावे लागतात.

अंटार्क्टिकातले क्रिल संपत चालले आहेत का? मुलांना काय सांगू? (शिक्षिका, काणकोण)

संपत चालले आहेत असे सांगू नका. हलत आहेत असे सांगा. क्रिल बोटाएवढे, कोळंबीसारखे दिसतात, पाच-सहा वर्षे जगतात आणि पेंग्विन, सील, देवमासे यांचा मुख्य आहार आहेत. त्यांची पिल्ले पहिला हिवाळा समुद्रबर्फाखालचे शैवाल खरवडून काढतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला १९७९ ते २०१० या काळात बर्फाचा हंगाम सुमारे तीन महिन्यांनी आखूड झाला. २०२३ मध्ये तर अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फाने उन्हाळी आणि हिवाळी दोन्ही नीचांक मोडले.

द्वीपकल्पाच्या किनारी पाण्यात गोडे पाणी वाढते तिथे डायाटमच्या जागी क्रिप्टोफाइट नावाचे बारीक प्लवक येतात. क्रिलच्या पायांची गाळणी एवढ्या बारीक पेशी नीट धरत नाही. साल्प मात्र त्या गाळून खातात. साल्प म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक पिशवीसारखा जीव, त्यावर पेंग्विनचे भागत नाही. तरीही साल्पना खलनायक ठरवू नये. त्यांची विष्ठा जड असते आणि कार्बन झपाट्याने खाली नेते.

दक्षिण अटलांटिकमध्ये क्रिलचे ठाणे ध्रुवाकडे सरकल्याचे गेल्या अनेक दशकांच्या जाळ्यांच्या नोंदींतून दिसते. एकूण संख्या घटली का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, कारण क्रिल थव्यांनी राहतात आणि जाळे थव्यात पडले की नाही यावर आकडा हेलकावतो. माझे मत मात्र स्पष्ट आहे: वाद मिटेपर्यंत पेंग्विनच्या वसाहतींच्या दाराशी मासेमारी दाटू देऊ नये. दक्षिण अटलांटिकच्या त्या भागात क्रिल पकडण्यावर ६,२०,००० टनांची मर्यादा आहे, आणि २०२५ च्या हंगामात ती मुदतीआधीच गाठली गेली. आकडा एकूण साठ्याच्या मानाने लहान आहे, पण सगळा उपसा एकाच कोपऱ्यातून झाला तर तिथल्या पिल्लांना एकूण साठ्याचा काय उपयोग?

आपण घेतो तो अर्धा श्वास प्लवकांचा, हे खरे का? (वाचक, मडगाव)

पृथ्वीवरचे जवळपास अर्धे प्रकाशसंश्लेषण समुद्रात होते, हे खरे. पण तिथे तयार झालेला बहुतेक ऑक्सिजन समुद्रातले जीवच वापरतात. हवेतला साठा फार जुना आणि प्रचंड आहे. प्लवकांची काळजी करायला दुसरी कारणे पुरेशी आहेत.

समुद्रात लोखंड टाकून प्लवक वाढवता येतील असे ऐकले. तो उपाय का करत नाहीत? (अभियंता, पर्वरी)

करून पाहिला आहे, आणि त्यात गोव्याचा हात होता. २००९ मध्ये दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीबरोबर 'लोहाफेक्स' प्रयोग केला. 'पोलारस्टर्न' जहाजातून दक्षिण महासागराच्या अटलांटिक भागात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहक्षार मिसळला. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका फारच कमी होती, त्यामुळे डायाटम वाढू शकले नाहीत. वाढले ते लहान प्लवक. त्यांना कोपेपॉडनी खाल्ले, कोपेपॉडना ॲम्फिपॉड नावाच्या त्यांच्याहून मोठ्या प्राणीप्लवकांनी, आणि खोलात फारच थोडा कार्बन गेला. अपेक्षित उत्तर आले नाही तरी या प्रयोगाने मला जेवढे शिकवले तेवढे फार थोड्या प्रयोगांनी शिकवले आहे. हवामानाचा इलाज म्हणून त्यावर विसंबणे मात्र मला धोक्याचे वाटते.

मला प्लवक बघायचे आहेत. अंटार्क्टिकाला न जाता कसे बघू? (इयत्ता दहावी, पेडणे)

तेरेखोलच्या मुखाशी जा, पण मोठ्या माणसाला बरोबर घे आणि पाऊस असताना जाऊ नकोस. जुना नायलॉनचा पायमोजा घे, त्याचा तळ कापून तिथे छोटी बाटली घट्ट बांध. वरचे तोंड तारेच्या कड्यावर ताणून शिव. भरतीच्या वेळी धक्क्यावरून दोरीने पाच-दहा मिनिटे पाण्यात ओढ. बाटलीत जमलेल्या पाण्याचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून पाहा. झटके देत पळतील ते कोपेपॉड. न हलणाऱ्या काचेच्या चकत्या आणि साखळ्या दिसल्या तर ते डायाटम, अंटार्क्टिकातल्या डायाटमचे सख्खे नातलग. दर पौर्णिमेला त्याच जागी, त्याच भरतीला पुन्हा जा. आणि बाटलीवर तारीख लिहायला विसरू नकोस. तारीख नसलेला नमुना मला कधीच काही सांगू शकला नाही.