शिकेकाईचे पाणी टिकत का नाही?

प्रश्न : शांपूच्या पुड्या आणि बाटल्यांचा कचरा नको म्हणून मी आठवडाभराचे रिठे-शिकेकाईचे पाणी उकळून बाटलीत भरले, चौथ्याच दिवशी त्याला आंबूस वास आला. माझे काय चुकले?

उत्तर : आपली कृती योग्य होती, साठवण चुकली. रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्ये असतात. ती पाण्यात उतरताना शेंगेतील इतर सेंद्रिय अंशही उतरतात आणि परिरक्षक (टिकवून ठेवणारे द्रव्य) नसलेल्या त्या पाण्यात जिवाणू व बुरशी झपाट्याने वाढतात. म्हणून उन्हात कडकडीत वाळवलेल्या शेंगा आणि बिया काढलेल्या रिठ्यांची साल भरडून कोरड्या बरणीत ठेवावी, न्हाण्याच्या आदल्या रात्री मूठभर भरड २ पेले पाण्यात भिजवावी आणि सकाळी उकळून, गाळून ते पाणी त्याच दिवशी संपवावे. गाळणे दुहेरी फडक्यातूनच करावे, कारण केसांत अडकलेला भुसा काढण्याच्या त्रासामुळेच अनेकजण पुन्हा विकतच्या बाटलीकडे वळतात. हे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. लहान मुलांना न्हाऊ घालताना विशेष जपावे. चोथा कुंडीच्या खतात घालता येतो. आंबलेले पाणी मात्र केसांना लावू नये.