दख्खनच्या राजवटी वाचायला घेताय? आधी हे वाचा

सनावळ्या पाठ करत बसू नका. एक किल्ला धरा आणि त्याचे मालक कसे बदलत गेले ते बघा. माझं मत विचाराल तर देवगिरी घ्या. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी, तोही सुलतान होण्याआधी, इथे चालून आला. रामदेवराय यादवाने खंडणी कबूल केली, पण यादवांचं राज्य त्यानंतरही वीसेक वर्षं टिकलं. पुढे तुघलक, बहमनी, निजामशाही आणि १६३३ मध्ये मोगल. एवढं नीट समजलं तरी निम्मी वाट सर झाली.

दुसरं म्हणजे, सगळं हिंदू विरुद्ध मुसलमान या एकाच चष्म्यातून बघू नका. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत दख्खनचे सुलतान विजयनगरविरुद्ध एकत्र आले, हे सगळे सांगतात. पण त्याआधी काही वर्षं विजयनगरचा कर्ताधर्ता रामराय आदिलशहाच्या बाजूने निजामशहाशी लढत होता, हे कुणी सांगत नाही! धर्माची भाषा होतीच, नाही कशाला म्हणा. पण भांडणामागे रायचूर दोआबाची, म्हणजे कृष्णा-तुंगभद्रेमधली सुपीक जमीनही होती.

आणि ऱ्हास शोधायचा तर रणांगणाआधी दरबारात शोधा. १४८१ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानला बनावट पत्रावरून ठार केलं, मग दख्खनी (इथले) आणि आफाकी (इराण-मध्य आशियातून आलेले) सरदारांचं भांडण कुणालाच आवरेना. बहमनी राज्याचे पाच तुकडे त्यातून झाले. राजे बदलले तरी गावात देशमुख-पाटील बहुधा तेच राहिले. वतनाची कागदपत्रं वाचायची असतील तर मोडी आत्ताच शिकायला घ्या.