मिनी फेसलिफ्ट करून घेताना काय अपेक्षा ठेवावी?

तुम्ही विचारलंय की मिनी फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा वर ओढून घेण्याची छोटी शस्त्रक्रिया, केल्यावर चेहरा किती बदलतो आणि किती दिवस घरी बसावं लागतं. ही शस्त्रक्रिया मुख्यतः गालांचा खालचा भाग आणि जबड्याची रेषा यांसाठी असते. कपाळ, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या किंवा मानेची खूप सैल कातडी तिने सुधारत नाही.

कानाच्या पुढून-मागून छोटा छेद घेतात, आतला थर टाके घालून वर ओढतात आणि जास्तीची त्वचा कापतात. साधारण दोन तास लागतात. बऱ्याचदा जागा बधिर करून आणि गुंगीचं औषध देऊन काम होतं.

पहिले ३-४ दिवस सूज वाढतच जाते. आरशात पाहून घाबरू नका, तो तुमचा नवा चेहरा नव्हे! काळेनिळे डाग ओसरायला दोनेक आठवडे लागतात. कानाजवळचा बधिरपणा मात्र काही महिनेही राहू शकतो. डोकं उंचावर ठेवून झोपा.

एका बाजूला अचानक फुगलं आणि ठणकू लागलं, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करा. आत रक्त साचलेलं असू शकतं, आणि हा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो.

धूम्रपान करत असाल तर निदान चार आठवडे आधी बंद करा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. निकोटिनमुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात. रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर ती मनाने थांबवू नका, सर्जनला आधी सांगा.