ब्रिटनमधल्या नोकरीआधीच्या ऑनलाइन टेस्ट: एका ताईंच्या प्रश्नाला लांबलेलं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये मिस्टरांबरोबर डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडला निघताय, नाशिकला नऊ वर्षं अकाउंट्समध्ये काम केलंय, आणि तिकडे अर्ज केला की मुलाखतीच्या आधीच वेळ लावून ऑनलाइन टेस्ट घेतात असं कळलंय. तयारी कशी करायची, पास व्हायला किती मार्क लागतात, आणि तिकडे एकटेपणा येतो का? तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये. 2016 साली कोल्हापूरची बँकेतली नोकरी सोडून मी इथे आले तेव्हा हेच विचारायचं होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. व्हिसा, आरोग्य अधिभार, टीबीची तपासणी हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते सांगत बसत नाही.

आधी मार्कांचं. 'इतके मिळाले की पास' असा एकच आकडा नसतो. बहुतेक टेस्टमध्ये तुमची बरोबर उत्तरं आधी तीच टेस्ट दिलेल्या एका गटाशी ताडून बघतात. त्याला नॉर्म ग्रुप म्हणतात. आपल्या सीईटीचं पर्सेंटाइल असतं तसंच हे. फरक एवढाच की सीईटीत तुलना तुमच्याबरोबर बसलेल्या मुलांशी होते, इथे आधी कधीतरी टेस्ट दिलेल्या पदवीधरांशी किंवा मॅनेजरांशी. त्यामुळे तेच 14 बरोबर एका गटात मधल्या फळीत बसतात आणि दुसऱ्या गटात तळाला जातात. रेषा कुठे मारायची ते कंपनी ठरवते, आणि ती आपल्याला सांगेलच असं नाही. मला पहिल्यांदा '31' असा आकडा आला तेव्हा मी तो शंभरपैकी 31 मार्क समजले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. त्याचा अर्थ होता, त्या गटातल्या 31 टक्के लोकांपेक्षा बरी.

दुसरं म्हणजे पेपर पूर्ण सोडवायची आपली सवय. सीकॅट (CCAT) नावाची एक टेस्ट आहे, 15 मिनिटांत 50 प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही. तिच्यात सरासरी उमेदवाराचे साधारण 24 बरोबर येतात आणि सगळे 50 संपवणारे शंभरात एकसुद्धा नसतात. प्रश्न उरले म्हणून घाबरू नका. तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणजे शेवटच्या मिनिटात उरलेल्यांना काहीतरी उत्तर देऊन टाकावं. पण काही टेस्टमध्ये कापतात. काहींमध्ये तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा-अवघड होत जातो, मागे जाता येत नाही, आणि किती बरोबर यापेक्षा किती अवघड प्रश्न बरोबर हे बघतात. हे सगळं सूचनांच्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान वाचताना घड्याळ सुरू झालेलं नसतं. सावकाश वाचा. मी दोन टेस्टमध्ये ते न वाचताच पुढे गेले होते.

आकड्यांचा पेपर आपल्याला सोपा जाईल असं वाटतं. बँकेत अकरा वर्षं काढली होती, बेरजा तोंडी व्हायच्या. अडकले ते स्वल्पविरामावर. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'हजार पौंडांत' लिहिलेलं, खाली 4,350. माझं डोकं आधी त्याचे साडेत्रेचाळीस लाख करायचं, आणि पर्याय मिलियनमध्ये असायचे. परत उलटं करताना दहा-बारा सेकंद जायचे, प्रत्येक प्रश्नाला. निघायच्या आधीचे दोन महिने रोज अर्धा तास आकडे मिलियनमध्ये वाचायची सवय लावा. आणि 8 टक्क्यांचे 10 टक्के झाले तर वाढ 2 टक्के-बिंदूंची (पर्सेंटेज पॉइंट) की 25 टक्क्यांची, प्रश्न नेमकं काय विचारतो ते बघा.

उताऱ्याच्या पेपरात पर्याय तीनच: खरं, खोटं, सांगता येत नाही. समजा उताऱ्यात आहे, 'कंपनीने दोन गोदामं बंद केली. त्या वर्षी खर्च कमी झाला.' खाली विधान, 'गोदामं बंद केल्यामुळे खर्च कमी झाला.' आपण पटकन 'खरं' म्हणतो. उत्तर आहे 'सांगता येत नाही', कारण 'मुळे' हे उताऱ्यात कुठेच नाही. स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवायचं, हे नऊ वर्षं काम केलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं.

प्रसंग देऊन 'तुम्ही काय कराल' विचारतात, त्यात मी दर वेळी 'साहेबांना विचारते' निवडायचे. आपल्याकडे ते शहाणपणाचं. इथे उत्तरांचा क्रम त्या कामातल्या जाणत्या लोकांना विचारून ठरवलेला असतो, आणि मी दिलेल्या टेस्टमध्ये, आधी स्वतः माहिती काढणं, मग ग्राहकाशी बोलणं, हे बहुतेकदा वर असायचं.

आता जे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही ते. चार ठिकाणी नकार आल्यावर पाचवी टेस्ट माझ्या मिस्टरांनी सोडवली. मी लॅपटॉपसमोर, ते शेजारी. ते बोट ठेवायचे, मी क्लिक करायचे. निकाल उत्तम आला. मग त्या ऑफिसात बोलावलं आणि एका खोलीत बसवून तशीच एक छोटी टेस्ट परत घेतली. कंपन्या दोन्ही निकाल जुळवून बघतात हे मला माहीत नव्हतं. दोन ओळींची ईमेल आली: निकालांत सुसंगती नाही, अर्ज पुढे नेता येणार नाही. बँकेत असताना मी लोकांच्या सह्या ताडून बघायचे, ताई. त्या रात्री मी मिस्टरांनाही खरं सांगितलं नाही, 'मुलाखत बरी झाली नाही' म्हणाले.

आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची. आम्ही बकिंगहॅमशरमध्ये राहतो. इथे ग्रामर शाळेसाठी, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेसाठी, सहावीच्या सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये, परीक्षा असते. आम्ही जुलैत पोचलो. तिच्या शाळेच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, नाव आपोआप जातं. जायचं ते आधीपासून पटावर असलेल्या मुलांचं. सप्टेंबर आला, वर्गातली मुलं परीक्षेला गेली, ही घरी येऊन म्हणाली, 'आई, माझं नाव यादीत नव्हतं.' नंतर भांडून उशिरा आलेल्यांसाठीची परीक्षा मिळवली. तिथेही गुण वयानुसार जुळवतात, पात्रता 121. तिला 118. तीन गुण. बाकीच्या मुलांनी वर्ष-वर्ष सराव केलेला, हिने तीन आठवडे. ऑफिसातल्या त्या बाई चुकल्या एवढंही कुणी कधी म्हणालं नाही. ते अजून जात नाही मनातून. पण त्याहून जास्त लागलंय ते वेगळंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं, 'माझ्याही शेजारी बाबा बसणार का?'

कागदांचं एकच सांगते, कारण ते कुठे लिहिलेलं नाही. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर मधलं नाव मिस्टरांचं. टेस्टच्या साइटवर मी एक नाव घातलं, ओळखपत्र दुसऱ्या नावाचं, आणि पदवी तिसऱ्याच नावाची. 'ही तिन्ही माणसं तुम्हीच का' याचा पुरावा देण्यात दीड महिना गेला. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे घाला, विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत काढून ठेवा. आणि अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसकट, राजीनाम्याच्या दिवशीच हातात घ्या. माझी शाखा नंतर दुसऱ्या शाखेत गेली, ईमेलला उत्तर द्यायला कुणी उरलं नाही.

डिस्लेक्सियामुळे किंवा दृष्टीच्या त्रासामुळे वाचायला जास्त वेळ लागत असेल, तर 2010 च्या समानता कायद्याखाली जादा वेळ मागता येतो. टेस्ट सुरू करण्याआधी मागा. पैसे घेऊन 'खरे प्रश्न' देणाऱ्यांच्या नादी लागू नका, टेस्ट बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे सराव पेपर फुकट असतात. पहिल्या काही सरावांत सगळ्यात जास्त फरक पडतो. मी आठवी टेस्ट एकटीनं दिली, 58 पर्सेंटाइल आला, आणि एका छोट्या ऑफिसात हिशेब जुळवायचं काम मिळालं. आजही तिथेच आहे.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामाला लागलात की कमी होतो.

मुलगी आता विद्यापीठात आहे, सुट्टीला घरी आलीय. परवा तिला इंटर्नशिपसाठी अशीच टेस्ट होती. तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर कागद चिकटवला: 'टेस्ट चालू, कुणी आत येऊ नका.' पस्तीस मिनिटं मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. शिट्टी वाजेल म्हणून कुकरसुद्धा लावला नाही.