वस्तीतल्या लोकांनी मिळून स्वतःचं वायरलेस नेटवर्क उभारलं, तर इंटरनेट कंपनीची गरज उरते का?

उरते. गच्च्यांवरचं नेटवर्क तुमचं असलं तरी जगाशी जोडणारी लाइन कुणाकडून तरी विकत घ्यावीच लागते. मात्र घरोघरी वेगळं कनेक्शन घेण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक मोठी लाइन घेता येते. आपसातल्या फाइली, निरोप, कॉल यांना तर बाहेरचं नेट लागतच नाही. क्यूबातल्या हवानात तरुणांनी घराघरांतून उभं केलेलं एसनेट इंटरनेटशिवायच चालायचं आणि हजारो लोक त्यावर खेळायचे, गप्पा मारायचे. २०१९ मध्ये सरकारी नियम आले आणि त्याचं स्वतंत्र अस्तित्व संपलं.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे. तुम्ही म्हणता, 'सगळे स्वयंसेवकच असल्यामुळे चालवायचा खर्च शून्य.' हेच वाक्य मी एका जिवलग मित्राच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं आणि त्यावरूनच आमचं बिनसलं.

आम्ही दोघांनी मिळून असं नेटवर्क उभं केलं होतं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी खुली, मोफत प्रणाली) टाकलेले राउटर, ५ गिगाहर्ट्झच्या डिश, गच्चीवरचे खांब. उभारणीच्या दिवसांत माणसांची कमी नव्हती. शिडी धरायला, वायर ओढायला, डिश फिरवून सिग्नल बघायला सगळी पोरं हजर. मित्राचं म्हणणं होतं, वर्गणी घेतली की हा धंदा होतो, लोकांनी प्रेमानं केलेलं काम बाटतं. मी पहिल्या बैठकीपासून सांगत होतो की दरमहा थोडे का होईना, पैसे जमवा आणि दुरुस्तीला जाणाऱ्याला त्याचे पैसे द्या. बहुमत त्याच्या बाजूनं झालं.

मग पाऊस सुरू झाला. उन्हाळ्यात उत्तम चाललेली एक लिंक, म्हणजे दोन डिशमधला बिनतारी दुवा, मधल्या झाडाला पालवी फुटल्यावर ढेपाळली. एक किलोमीटरच्या लिंकला मध्यावर साधारण साडेतीन-चार मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. डिशला डिश दिसली म्हणजे झालं असं नसतं आणि ओली पानं तर सिग्नल पिऊनच टाकतात. ते निभावलं, खांब उंच केला. खरा घोळ मधल्या नोडवर, म्हणजे सिग्नल पुढच्या घरांकडे पाठवणाऱ्या गच्चीवर झाला. विजेच्या कडकडाटात तिथला पीओई अडॅप्टर, नेटच्याच वायरीतून डिशला वीज पुरवणारा, जळला. वस्तू किरकोळ, पण घरमालक कुलूप लावून परगावी गेलेले, गच्चीची किल्ली कुणाकडेच नाही, सुटा अडॅप्टर आणायला फंडात पैसा नाही. त्या नोडच्या पलीकडची सगळी घरं बंद. त्यात एका मुलीची ऑनलाइन परीक्षा होती. तिची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि मित्र फोनवर मला सांगत होता, 'लोकांनी समजून घ्यायला हवं.' का समजून घ्यावं? त्या बाईनं भरवसा ठेवला होता. ज्याला पैसे मिळतात त्याला जाब विचारता येतो. फुकट राबणाऱ्याला विचारायचं म्हटलं तर जीभच उचलत नाही, आणि तिथूनच लोक एकेक करून कंपनीकडे वळतात. आमचेही वळले.

स्पेनच्या कॅटलोनियातलं ग्विफी हे लोकांनीच उभारलेलं नेटवर्क पाहा. २००४ मध्ये जिथं कंपन्या यायला तयार नव्हत्या अशा खेड्यांतून ते सुरू झालं आणि तीस हजारांहून जास्त नोडपर्यंत वाढलं. तिथं छोटे व्यावसायिक त्याच जाळ्यावर सेवा विकतात, पैसे कमावतात आणि वापराच्या प्रमाणात देखभालीचा खर्च उचलतात. जाळं मात्र सगळ्यांचं सामाईकच राहतं. पैसा आला म्हणून तिथं काही बाटलं नाही. माझ्या मित्रानं हे वाचलं होतं, तरी मानलं नाही.

तेव्हा राउटर कुठला घ्यायचा हे नंतर ठरवा. आधी वर्गणी ठरवा, प्रत्येक मधल्या गच्चीची दुसरी किल्ली मागून घ्या, सुटे अडॅप्टर विकत घेऊन ठेवा आणि पावसात खांबावर कोण चढणार, त्याला त्याचे किती मिळणार, हे कागदावर लिहा. महत्त्वाच्या नोडकडे दोन वाटांनी सिग्नल येईल असं बघा. सिग्नल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या एकाच रेडिओवर नेट एका नोडवरून दुसऱ्यावर उड्या मारत नेलं तर प्रत्येक उडीला वेग जवळपास निम्मा होतो, म्हणून मधल्या लिंकना वेगळा रेडिओ द्या.

चार-पाच शेजारी घरांपुरतंच करणार असाल तर यातलं बरंचसं लागू नाही, तिथं ओळखीवर भागतं. आणि हो, कायदा. बहुतेक कंपन्यांच्या करारात घरगुती कनेक्शन पुढे वाटायला मनाई असते, त्यामुळे वाटायची परवानगी असलेलीच लाइन घ्या. तुमच्या लाइनवरून दुसऱ्यानं काही गैर केलं तर जबाबदारी कुणाची, हेही तुमच्याकडच्या कायद्यात तपासा. जर्मनीत असंच सामाईक नेटवर्क चालवणाऱ्या फ्रायफुंकवाल्यांना या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं झगडावं लागलं आणि कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्यांना बराच दिलासा मिळाला.